इग्वासू धबधबा: अर्जेंटिनाची बाजू, ब्राझीलची बाजू की दोन्ही? (सोबत ज्येष्ठ मंडळी)

पायवाट

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये ब्राझीलला जायचं घाटतंय. नवरा कामानिमित्त साओ पाउलोत असेल. मी, लेक (१०), सासूबाई (६७) आणि सासरे (७२) मुंबईहून जाऊ. सासरे धबधब्यांचे भारी शौकीन. ठोसेघर, आंबोली, गिरसप्पा, सगळं भर पावसात जाऊन बघितलेला माणूस. 'एवढ्या लांब जातोय तर इग्वासू बघितल्याशिवाय परतायचं नाही' ही त्यांची एकच अट.

नकाशात बघितलं तर नदीच सीमा आहे. एका काठावर ब्राझील, दुसऱ्यावर अर्जेंटिना, आणि थोडं खाली गेलं की पॅराग्वे. ट्रॅव्हल एजंटने ब्राझीलच्या बाजूचा अर्धा दिवस दिलाय आणि 'तेवढं पुरतं' म्हणतोय. खरंच पुरतं का? सासऱ्यांचे गुडघे बरे आहेत, सासूबाईंचे नाहीत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. व्हिसा, लशी, जेवणखाण, जे जे माहीत असेल ते सांगा.

न्यूजर्सीकर

आम्ही फक्त ब्राझीलकडून पाहिला आणि समाधान झालं. समोरून अख्खा देखावा दिसतो. वयस्कर माणसांना घेऊन सीमेवरच्या रांगा, दोन-दोन व्हिसा कशाला? अर्ध्याऐवजी पूर्ण दिवस द्या, बास.

जाता जाता: आमच्यासारखं कुणी अमेरिकी पासपोर्टवर जात असेल तर एप्रिल २०२५ पासून ब्राझीलचा ई-व्हिसा काढावा लागतो. पूर्वीचा अनुभव धरून विमानतळावर जाऊ नका.

झुळूक

वाचतेय. आम्हालाही जायचंय.

कुरिटिबाकर

न्यूजर्सीकर, इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बरीच वर्षं याच राज्यात, ब्राझीलच्या पारानात राहतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन इग्वासूला जाणं हे आमच्या घरचं ठरलेलं काम आहे. एकच बाजू बघून परतलेल्यांना बघून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा एक धबधबा नाही. जवळजवळ पावणेतीन किलोमीटरच्या वाकड्यातिकड्या कड्यावरून २७५ च्या आसपास धारा पडतात. नदीला पाणी किती त्यावर हा आकडा कमीजास्त होतो. यातल्या साधारण ८० टक्के धारा अर्जेंटिनाच्या हद्दीत आहेत. त्यामुळे ब्राझीलच्या काठावरून त्या समोर दिसतात, आणि अर्जेंटिनात गेलं की तुम्ही त्यांच्या माथ्यावर, पायथ्याशी, अगदी शेजारी उभे असता. ब्राझीलच्या बाजूने धबधब्याचा आकार डोक्यात बसतो. पाण्याची ताकद कळते ती अर्जेंटिनात.

ब्राझीलकडे शहर फोज दो इगुआसू. तिथल्या बसस्थानकावरून १२० नंबरची बस विमानतळावरून पुढे उद्यानाच्या दारापर्यंत जाते. आतमध्ये उद्यानाचीच दुमजली बस. मधल्या थांब्यावर उतरलात तर सव्वा किलोमीटरची पायवाट आहे, पण तिला पायऱ्या आहेत. सासूबाईंना घेऊन शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्येच बसून राहा. तिथून लिफ्टने खाली उतरता येतं आणि थेट घळीच्या तोंडाशी जाणारा पूल गाठता येतो. वाऱ्याची दिशा फिरली की त्या पुलावर चष्म्यातून काही दिसत नाही, डोक्यापासून पायापर्यंत भिजायला होतं.

अर्जेंटिनाकडे गाव पुएर्तो इग्वासू, उद्यान तिथून १७-१८ किलोमीटरवर. आत जंगलातून छोटी आगगाडी जाते. शेवटच्या स्टेशनवरून गार्गांता देल दियाब्लोकडे, म्हणजे सैतानाच्या घशाकडे, लोखंडी जाळीचा पदपथ आहे. एका बाजूने १,१०० मीटर, आणि जवळजवळ सपाट. खाली नदी अगदी शांत, रुंद, मधे झाडीने भरलेली बेटं. जाळीतून बघितलं तर पाणी इतकं संथ असतं की पुढे काय आहे याची कल्पनाही येत नाही. पदपथाच्या बाजूला पुरात वाहून गेलेल्या जुन्या पुलाचे खांब पाण्यात उभे दिसतात. मग आवाज वाढत जातो, पायाखालची जाळी थरथरतेय असं वाटतं आणि नदी तीन बाजूंनी ८० मीटर खाली कोसळताना दिसते. तळ दिसत नाही, नुसते तुषार वर येतात. त्या तुषारांतून लहान काळे पाकोळीसारखे पक्षी सुसाट येतात आणि पडत्या पाण्याच्या पडद्यात घुसतात. पाण्यामागच्या ओल्या कातळाला चिकटून ते विसावतात, तिथेच त्यांची घरटी असतात. तुमच्या लेकीला तिथून हलवणं अवघड जाईल.

अर्जेंटिनात आणखी दोन वाटा आहेत. वरची वाट धारांच्या माथ्यावरून जाते आणि तिला पायऱ्या नाहीत, त्यामुळे सासूबाईंना जमेल. खालच्या वाटेला बऱ्याच पायऱ्या. ती सासरे आणि लेक करतील, तोवर तुम्ही दोघी स्टेशनाजवळ सावलीत बसा.

दोन रात्री मुक्काम ठेवा. पहिला दिवस ब्राझील, दुसरा पूर्ण दिवस अर्जेंटिना. एजंटला 'अर्धा दिवस नको' असं स्पष्ट सांगा.

हेमांगी र.

कुरिटिबाकर, +१. मी आईला (७०) घेऊन दोन्ही बाजू केल्या. रांगांचा बाऊ करण्याइतकं काही नाही. फक्त एक गोष्ट मात्र घोटून पाठ करा: शिक्का.

दोन्ही देशांना जोडणाऱ्या तांक्रेदो नेव्हेस पुलावरून रोज हजारो स्थानिक माणसं ये-जा करतात, त्यांना फारसं कुणी अडवत नाही. त्यामुळे शहरी बस ब्राझीलच्या चौकीवर सांगितल्याशिवाय थांबत नाही. तुम्ही तशाच पुढे गेलात तर पासपोर्टवर ब्राझील सोडल्याचा शिक्का नसतो आणि परत जाताना विमानतळावर कटकट होते. ड्रायव्हरला चढतानाच सांगा. तो तुम्हाला चौकीवर उतरवून निघून जातो, मग त्याच कंपनीच्या पुढच्या बसने त्याच तिकिटावर जाता येतं. आई सोबत होती म्हणून आम्ही हॉटेलमधूनच टॅक्सी ठरवली. टॅक्सीवाले दोन्ही चौक्यांवर थांबतात आणि शिक्के होईपर्यंत वाट बघतात. तुम्ही चौघं-पाच जण आहात, टॅक्सीच करा.

घड्याळाची चिंता नको, दोन्हीकडे वेळ सारखीच. भारतापेक्षा साडेआठ तास मागे.

पायवाट

बापरे, किती छान लिहिताय सगळे! सासऱ्यांना कुरिटिबाकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी परत वाचायला लावला. दोन्ही बाजू नक्की.

व्हिसाचं सांगा ना कुणीतरी. आमच्या सगळ्यांचे भारतीय पासपोर्ट. नणंद टेक्सासला असते, त्यामुळे आम्हा सगळ्यांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे.

हेमांगी र.

मग अर्धं काम झालं. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकांसाठी अर्जेंटिनाने २०२५ मध्ये वेगळ्या व्हिसाची अट काढली. तरी तिकिटं काढण्याआधी मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम वाचा आणि छापून जवळ ठेवा. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला दाखवायला कागद हवा.

ब्राझीलचा व्हिसा मात्र आधी काढावा लागतो, त्यांचीही वकिलात मुंबईत आहे. ब्राझीलमधून अर्जेंटिनात जाऊन परत ब्राझीलमध्ये यायचंय, तेव्हा व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश आहेत ना ते हातात पडल्या पडल्या बघा. लेकीच्या अर्जाला आई आणि वडील दोघांच्याही सह्यांचं संमतीपत्र लागतं. तुमचे यजमान आधीच निघणार असतील तर जाण्यापूर्वी त्यांची सही घेऊन ठेवा.

निशिगंध

अजून कुणी पिवळ्या तापाबद्दल लिहिलं नाही म्हणून डॉक्टर या नात्याने लिहिते. या धाग्यातली सगळ्यात आधी करायची गोष्ट हीच आहे.

ब्राझील आणि अर्जेंटिना दोन्ही देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. पॅराग्वेसुद्धा. या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसलं, तर विमानतळावरून घरी न जाता थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. वाटेत दुबईला किंवा अदिस अबाबाला विमान बदललं म्हणून सुटका होत नाही, तुम्ही कुठे राहून आलात ते बघतात. कारण सरळ आहे. हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, पण तापाचा विषाणू अजून आपल्याकडे आलेला नाही. तो येऊ नये म्हणून ही कडक पहारेदारी, आणि ती योग्यच आहे.

लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पण ते लागू होतं टोचल्यानंतर दहा दिवसांनी. लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. पुण्यात आणि मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून. एका कुपीत अनेक मात्रा असतात, त्यामुळे माणसं गोळा करूनच ती फोडतात. पासपोर्ट घेऊन जा, प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर त्याचा क्रमांक बरोबर लिहिलाय का ते तिथेच तपासा.

आता मुख्य मुद्दा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर त्रासाची शक्यता थोडी जास्त असते. ती दुर्मीळच आहे, पण सासू-सासऱ्यांना परस्पर केंद्रावर नेऊ नका. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्यांची सगळी औषधं दाखवा. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार असेल किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर लस देत नाहीत. डॉक्टरांनी नको म्हटलं तर तसं लेखी घ्या आणि तिकिटं काढण्याआधी मुंबई विमानतळाच्या आरोग्य कार्यालयाशी बोला, कारण लस न घेतल्याचं कारण वैद्यकीय असलं तरी उतरल्यावरचा निर्णय तेच घेतात.

पायवाट

निशिगंधताई, तुमचे उपकार कसे मानू? एजंटने यातलं एक अक्षरही सांगितलं नव्हतं. उद्याच आमच्या डॉक्टरांची वेळ घेते.

कातळकडा

सासऱ्यांना सह्याद्रीतले धबधबे आवडतात ना, मग त्यांना हे सांगा. इग्वासूचा कातळ आणि आपला कातळ एकाच जातीचे. दोन्ही बेसाल्ट. आपल्याकडे दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला, तिकडे पारानाचा लाव्हा साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वी. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकींपासून फाटत होत्या त्या काळातला. त्याच लाव्ह्याचा छोटा तुकडा आज नामिबियात सापडतो.

महाबळेश्वरच्या कड्यात जे आडवे थर दिसतात तेच इग्वासूच्या टप्प्यांत दिसतील. बऱ्याच धारा एका दमात खाली येत नाहीत, मधल्या थराच्या पायरीवर आपटून मग पुढे जातात. ब्राझीलच्या बाजूने बघताना हे फार स्वच्छ दिसतं. धबधबा आज जिथे आहे तिथे तो पूर्वी नव्हता. खाली पाराना नदीच्या संगमापाशी सुरू होऊन, कातळ कातरत, तो मागे सरकत आलाय. खालची अरुंद घळ ही त्याच्या मागे सरकण्याची वाट.

नदीचंही आपल्या नद्यांशी नातं सांगता येईल. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला अख्खं पठार ओलांडते. इग्वासू अटलांटिकच्या जवळ, कुरिटिबाच्या परिसरात उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून १,३०० किलोमीटरच्या वर पश्चिमेला जाते. घाटमाथ्याच्या रचनेमुळेच दोन्हीकडे हे असं घडलंय.

कुरिटिबाकर

कातळकडा, वा! याला जोडून एक कामाची गोष्ट. पाणी वरून, शेकडो किलोमीटरवरून येतं आणि वाटेत धरणांची रांग आहे. त्यामुळे धबधब्यावर लख्ख ऊन असलं तरी नदी फुगलेली असू शकते आणि तिथे धो धो पाऊस असला तरी पाणी कमी असू शकतं. नेहमीचा प्रवाह सेकंदाला १५ लाख लिटरच्या घरात. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तो २ कोटी ४० लाखांवर गेला, पदपथ बंद करावे लागले आणि अर्जेंटिनाकडच्या गार्गांताच्या पुलाचं नुकसान झालं. जून २०१४ चा पूर तर त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानांच्या संकेतस्थळांवर कोणत्या वाटा चालू आहेत ते बघायचंच. पावसानंतर पाणी लालसर तपकिरी होतं, ती इथली लाल माती. निराश होऊ नका, त्या रंगातही ते भव्यच दिसतं.

टर्बाइन

आयुष्य वीज मंडळात गेलं, त्यामुळे राहवत नाही. फोजला जाताय तर इताइपू धरण चुकवू नका, शहराच्या अगदी जवळ आहे. ब्राझील आणि पॅराग्वे दोघांच्या मालकीचं. ७०० मेगावॉटचे २० संच, एकूण १४,००० मेगावॉट. आपलं कोयना १,९६०. गंमत अशी की पॅराग्वेची वीज ५० हर्ट्झची आणि ब्राझीलची ६०, म्हणून दहा संच एका वारंवारतेवर फिरतात आणि दहा दुसऱ्या. पॅराग्वेला एवढी वीज लागत नाही. तिची उरलेली वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून साओ पाउलोकडे पाठवतात. आपल्या चंद्रपूर-पडघे डीसी लाईनवर ज्यांनी काम केलंय त्यांना तिथे उभं राहिल्यावर काय वाटेल ते मी सांगू शकतो.

पण या धरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वरच्या अंगाला पाराना नदीवर, ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवरच, ग्वाइराचे धबधबे होते. ब्राझीलमध्ये त्यांना सेते केदास म्हणत. पाण्याच्या प्रमाणात इग्वासूच्या कितीतरी पट मोठे. धबधबा नक्की कुणाच्या हद्दीत यावरून दोन देशांत जुना वाद होता. १९७३ मध्ये धरणाचा करार झाला. धबधबा बुडणार हे कळल्यावर लोक शेवटचं दर्शन घ्यायला गर्दी करू लागले. जानेवारी १९८२ मध्ये त्या गर्दीने तिथला झुलता पूल तुटला आणि ३२ माणसं गेली. ऑक्टोबर १९८२ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि दोन आठवड्यांत सगळं पाण्याखाली गेलं. वादाची जागाच उरली नाही.

मी धरणं बांधणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. कोयनेने महाराष्ट्राला काय दिलं ते मी जवळून पाहिलंय आणि कोयनेसाठी उठलेली गावंही पाहिली आहेत. तरी इताइपूच्या गच्चीवरून तो जलाशय बघताना ग्वाइरा मनातून जात नाही. पायवाट, सासऱ्यांना हे इग्वासू बघण्याआधी सांगा. इग्वासू टिकला याचं मोल त्यांना कळेल. दोन्ही देशांनी राष्ट्रीय उद्यानं वेळेत केली, अर्जेंटिनाने १९३४ मध्ये आणि ब्राझीलने १९३९ मध्ये. पुढे १९८४ आणि १९८६ मध्ये दोन्ही उद्यानं जागतिक वारशात गेली.

पायवाट

टर्बाइनकाका, हे वाचून सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, इताइपूही करायचं. म्हणजे आता तीन रात्री!

सासूबाईंच्या जेवणाचं राहिलं.

माडांच्या गावचा

गोव्याहून नमस्कार. काजू आणि कसावा, दोन्ही पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून नेले, त्यातला काजू आमच्याकडे आला आणि इथलाच झाला. कसाव्याचा पुढे आपल्याकडे साबुदाणा होऊ लागला. तेव्हा सासूबाईंना सांगा, त्यांचं उपवासाचं पीक मूळ तिथलंच.

ब्राझीलमध्ये हॉटेलच्या नाश्त्याला 'तापिओका' मागा. कसाव्याच्या पिठाचा पांढरा घावन, आत चीज किंवा खोबरं. त्यात अंडं नसतं. 'पांव दि केजू' आणि अर्जेंटिनातली 'चिपा' ही चिजाची कसावा-पिठाची पावं दिसायला निरागस, पण दोन्हींत बहुतेकदा अंडं असतं. वजनावर जेवण मिळणारी भोजनालयं सगळीकडे आहेत, भात-भाज्या-कोशिंबिरी आपल्या हाताने घ्यायच्या. राजमा-घेवड्यासारखी उसळ दिसेल, पण तिच्यात डुकराचं मांस टाकायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय घेऊ नका. नुसतं 'सें कार्नि' म्हणू नका, 'कार्नि' म्हटलं की त्यांना गोमांस वाटतं आणि कोंबडी पानात येते. 'सें फ्रांगू, सें प्रेझुंतू, सें ओवू' म्हणजे कोंबडी, हॅम, अंडं काही नको, असं एका कागदावर लिहूनच न्या.

कुरिटिबाकर

बरोबर. शिवाय फोजमध्ये लेबनानी मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यामुळे फलाफल, हमस, गरम रोट्या सहज मिळतात. सासूबाई उपाशी राहणार नाहीत. उद्यानात मात्र डबा उघड्यावर खाऊ देऊ नका. कोआती नावाचे लांब नाकाचे, पट्टेरी शेपटीचे प्राणी टोळीने फिरतात. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ऐकला की टेबलावर चढतात, हातातलं ओढतात आणि चावतातही. लेकीला नीट समजावून सांगा: हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही. पिशव्या सॅकमध्ये चेन लावून.

न्यूजर्सीकर

सगळं वाचलं. पुढच्या खेपेस अर्जेंटिनाची बाजू करणार. बोटीतून धबधब्याखाली नेतात ती सफर मात्र आम्ही केली होती, तरुणांनी जरूर करावी. मुलांसाठी वयाची अट असते, ती तिकिटाआधी वाचा. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि कोरडे कपडे सोबत.

पायवाट

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. सासूबाईंना हरकत नाही म्हणाले. सासऱ्यांच्या रक्ताच्या एक-दोन तपासण्या करून मग ठरवू म्हणाले. तोवर तिकिटं थांबवली आहेत. निशिगंधताई, पुन्हा एकदा आभार.

शेवटचा प्रश्न: एप्रिलमध्ये कोणत्या तारखा टाळायच्या?

कुरिटिबाकर

ईस्टरचा आठवडा टाळा, दोन्ही देशांतली गर्दी तेव्हा लोटते. २ एप्रिल अर्जेंटिनात आणि २१ एप्रिल ब्राझीलमध्ये सुट्टी असते, तिला जोडून येणारा शनिवार-रविवारही नको. ब्राझीलच्या उद्यानाचं तिकीट वेळेच्या स्लॉटसह ऑनलाइन काढा, सकाळचा पहिला स्लॉट घ्या.

आणि पंचांग काढून चैत्र पौर्णिमा बघा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, आभाळ स्वच्छ असेल तर, अर्जेंटिनाचं उद्यान चांदण्यात गार्गांतापर्यंत घेऊन जातं. जागा मोजक्या असतात, वेगळं तिकीट लागतं. सासऱ्यांच्या तपासण्यांचा निकाल आला की इथे लिहा, मग त्या रात्रीचा हिशोब धरून तारखा बसवू.